सात दुर्गुण आणि त्यांच्या जोडीचे सद्गुण: नवख्यांनी सुरुवात कशी करायची

ख्रिस्ती परंपरेतले सात दुर्गुण म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एक टेबल येतं, डावीकडे गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस आणि उजवीकडे नम्रता, उदारता, शुद्धता, प्रेमभाव, मिताहार, सहनशीलता, तत्परता, आणि मग लोक ते पाठ करतात आणि विषय संपला असं समजतात. टेबल चुकीचं नाहीये. पण ही यादी पाठ करायला म्हणून कुणी केलेलीच नव्हती, स्वतःच्या मनात काय शिजतंय ते वेळेवर ओळखता यावं आणि त्यावर काहीतरी करता यावं म्हणून केली होती, त्यामुळे टेबलपासून सुरुवात केली की सगळं उलटं होतं. तुम्ही ख्रिस्ती असा नाहीतर नुसतं कुतूहल म्हणून वाचत असा, खालच्या पायऱ्या दोघांनाही चालतील.

पायरी १: ही गुन्ह्यांची यादी नाही हे आधी डोक्यात बसवा

या सातात खून नाही, चोरी नाही, खोटी साक्ष नाही. हे लक्षात आलं की पहिला प्रश्न पडतो, मग ही "सात महापापं" कशी? तर ही मुळं आहेत, यांच्यातून बाकीचं उगवतं. लोभातून चोरी होते, क्रोधातून मारामारी होते, मत्सरातून चहाडी होते. कृत्यांसाठी बायबलमधल्या दहा आज्ञा आहेतच, इथे विषय आहे तो सवयीचा, मनाच्या कलाचा. एक दिवस चिडलात म्हणजे क्रोध हा तुमचा दुर्गुण झाला असं नाही, पण राग कायम नाकावरच असेल तर मात्र बघायला हवं.

दुसरा घोळ म्हणजे प्राणघातक पाप (माणसाचं देवाशी नातंच तोडणारं पाप) आणि हे सात दुर्गुण एकच समजणं. कॅथॉलिक शिकवणीत प्राणघातक पापाला तीन अटी लागतात: गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत हवं आणि स्वतःच्या मर्जीने केलेली हवी. एक घास जास्त खाल्ला म्हणून कुणी नरकात जात नाही.

आणि हो, आपल्याला षड्रिपू लहानपणापासून माहीत असतात त्यामुळे काम क्रोध लोभ मोह मद मत्सर यांच्याशी लगेच जुळवणी करायचा मोह होतो, पण ती पूर्ण बसत नाही, खादाडपणा आणि आळस तिथे वेगळे नाहीत आणि मोह इथे वेगळा नाही. दोन्ही आपापल्या जागी राहू द्या.

पायरी २: यादी कशी घडली ते थोडक्यात बघा

सातची यादी बायबलमध्ये जशीच्या तशी कुठेही नाही, हे ऐकून बरेच जण दचकतात. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात परमेश्वराला नकोशा सात गोष्टी आहेत पण त्या वेगळ्याच आहेत. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाची कर्मं आणि आत्म्याचं फळ अशी दोन बाजूंची मांडणी आहे, ती कल्पनेने जवळ जाते, पण तिथे फळाच्याच नऊ गोष्टी आहेत.

यादी खरी सुरू झाली इजिप्तच्या वाळवंटात, चौथ्या शतकाच्या शेवटी. एव्हॅग्रियस नावाचा साधू, आधी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा चर्चसेवक होता, तिथून निघून वाळवंटातल्या संन्याशांत जाऊन राहिला आणि ३९९ मध्ये तिथेच वारला. एकांतात बसलेल्या माणसाला कुठकुठले विचार छळतात याची त्याने नोंद केली आणि त्याची यादी आठची होती: खादाडपणा, वासना, पैशाची हाव, खिन्नता, क्रोध, कंटाळा, पोकळ प्रतिष्ठेची हौस आणि गर्व. तो त्यांना पापं म्हणत नाही हं, विचार म्हणतो. विचार मनात येणं आपल्या हातात नाही, त्याला बसायला पाट द्यायचा की नाही ते आपल्या हातात आहे, असा त्याचा एकूण सूर. त्याचं एक पुस्तक आठ भागांचं आहे, एकेका विचारासाठी एक भाग, आणि त्यात तो विचार आला की त्याला तोंडावर काय उत्तर द्यायचं यासाठी शास्त्रातली वचनं गोळा केलेली आहेत. म्हणजे जोड्या लावायची कल्पना तिथूनच, फक्त जोडीला सद्गुणाऐवजी वचन.

जॉन कॅसियन नावाच्या साधूने हे सगळं लॅटिनमध्ये पश्चिमेकडे नेलं. मग सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी यादी सातची केली, गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून बाजूला काढलं, मत्सर आत घेतला, खिन्नता आणि कंटाळा एकत्र आले, त्यालाच पुढे आळस म्हणू लागले. पुढे प्रतिष्ठेची हौस गर्वातच जमा झाली आणि आजची यादी तयार झाली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा फादरसमोर पापनिवेदन करायलाच हवं असा नियम केला, आणि मग ही यादी सामान्य माणसापर्यंत पोचली कारण फादरना विचारायला आणि लोकांना आठवायला काहीतरी सोपं हवंच होतं. इथून तिचं चेकलिस्ट होणं सुरू झालं असं माझं मत आहे, फायदा झाला तसा तोटाही झाला.

प्रोटेस्टंट मंडळींनी सातच्या यादीपेक्षा दहा आज्ञांवर जास्त भर दिला, त्यामुळे तुमच्या ओळखीतल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाला हे सात धड आठवले नाहीत तर नवल वाटून घेऊ नका.

पायरी ३: जोड्या एकेक करून समजून घ्या, सगळ्या सारख्या सोप्या नाहीत

लोभ आणि उदारता, वासना आणि शुद्धता, या दोन समजायला फार वेळ लागत नाही. फक्त शुद्धता म्हणजे लग्नच न करणं असं नाही, परंपरेत नवराबायकोसाठीही ती आहे, एकनिष्ठा आणि समोरच्याला वस्तू म्हणून न वापरणं या अर्थाने. आणि उदारता नुसती पैशाची नाही, वेळ देताना हात आखडता घेणारेही कवडीचुंबकच.

खादाडपणाबद्दल ग्रेगरींनी एक फार उपयोगी गोष्ट सांगितलीये. माणूस पाच प्रकारे खादाड होतो: वेळेआधी खाऊन, भारीतलं भारी मागून, फार नखरे करून बनवायला लावून, जास्त खाऊन आणि अधाशासारखं खाऊन. म्हणजे ताटात दोनच घास असले तरी "हे असंच हवं, तसं नको" करणारा माणूस यात बसतो आणि नुसतं डाएट करणारा आपोआप सुटत नाही. याच्या समोरचा सद्गुण मिताहार.

क्रोध. इथे पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा लॅटिन कवी प्रुडेन्शियस आठवतो, त्याने सद्गुण आणि दुर्गुण यांची चक्क लढाई लावलीये. सहनशीलता रणांगणात नुसती उभी आहे. क्रोध शिव्या देतो, भाला फेकतो, तो चिलखतावर आदळून पडतो, मग तलवार काढून तिच्या डोक्यावर घाव घालतो तर शिरस्त्राणावर तलवारीचेच तुकडे होतात, आणि शेवटी चडफडत तो स्वतःच्याच भाल्यावर स्वतःला मारून घेतो. सहनशीलतेने हातसुद्धा उचललेला नसतो. पण याचा अर्थ कायम मूग गिळून बसायचं असा घेऊ नका. धर्मपंडित थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात स्पष्ट म्हणतात की अन्यायावर योग्य प्रमाणात राग येणं चांगलंच, आणि जिथे यायला हवा तिथेही न येणं हाही दोषच.

मत्सर म्हणजे दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखणं. तो लोभापेक्षा वेगळा, लोभी माणसाला तुमची वस्तू हवी असते, मत्सरी माणसाला ती स्वतःला नको असली तरी तुमच्याकडे असलेली बघवत नाही. ग्रेगरी मत्सराची पिल्लावळ सांगतात: द्वेष, कुजबुज, निंदानालस्ती, दुसऱ्याच्या वाईटाचा आनंद आणि दुसऱ्याच्या भरभराटीचं दुःख. ही पिल्लावळ फार कामाची आहे कारण मत्सर स्वतःहून कधीच कबूल होत नाही, ताकास तूर लागू देत नाही. आपण म्हणतो "मी फक्त खरं ते बोलले". म्हणून मूळ शोधत बसू नका, पिल्लं दिसतायत का बघा. दिवसभरात कुणाच्या पाठीमागे काय बोललो एवढं आठवलं तरी पुरतं. याच्या समोर प्रेमभाव ठेवतात आणि करायची गोष्ट ठरलेली, त्याच माणसाचं चारचौघांत मनापासून कौतुक, किंवा त्याच्या भल्यासाठी प्रार्थना. सुरुवातीला तोंडदेखली झाली तरी चालेल.

आळस ही सगळ्यात गैरसमज झालेली जागा. एव्हॅग्रियसने लिहिलेला कंटाळा म्हणजे लोळत पडणं नव्हे. तो त्याला दुपारचा सैतान म्हणतो, स्तोत्र ९१ मध्ये भर दुपारी येणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे त्यावरून. वर्णन बघा: साधूला वाटतं सूर्य हलतच नाहीये, दिवस पन्नास तासांचा झालाय, तो सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर जाऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे म्हणून सूर्य बघतो, कुणी दुसरा साधू भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे बघतो, मग त्याला ही जागाच नको होते, हे कामच नको होतं, इथे कुणाचं कुणावर प्रेम नाही असं वाटायला लागतं, दुसरीकडे गेलो तर देवाची भक्ती जास्त चांगली होईल असंही वाटतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं वर्णन आहे हे, आणि दर दोन मिनिटांनी मोबाईल उचलणाऱ्या कुणालाही ते जवळचं वाटेल. म्हणजे हा दुर्गुण असलेला माणूस प्रचंड बिझीसुद्धा असू शकतो, फक्त जे करायला हवं ते सोडून बाकी सगळ्यात.

त्यामुळे समोर नुसती मेहनत ठेवली तर जोडी अर्धवट राहते. अक्वायनस म्हणतात ही आत्मिक चांगल्या गोष्टीबद्दल वाटणारी खिन्नता आहे, म्हणजे तिच्या विरुद्ध बाजूला देवाच्या प्रेमातून येणारा आनंद आहे. वाळवंटातल्या लोकांचा उपाय मात्र साधा: जागा सोडू नका आणि हाताला काम द्या. कॅसियनने पॉल नावाच्या एका बुजुर्ग साधूची गोष्ट सांगितलीये, तो शहरापासून इतका लांब राहायचा की माल विकायला न्यायचा म्हटला तर भाडंच किमतीपेक्षा जास्त झालं असतं. तरी तो रोज खजुरीची पानं गोळा करून नेमून घेतलेलं काम पोटासाठी करावं तसं करायचा, वर्षभरात गुहा भरली की सगळं पेटवून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ही गोष्ट आधी वेडेपणाची वाटलेली, आता वाटत नाही.

एक महत्त्वाचं, महिनोन्महिने कशातच रस नाही, झोप नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर त्याला आळसाचं पाप म्हणू नका, डॉक्टरकडे जा. तो आजार असू शकतो.

गर्व शेवटी. जुन्या यादीत प्रतिष्ठेची हौस आणि गर्व वेगळे होते आणि खरं सांगायचं तर ते वेगळे ठेवलेलेच बरे. पहिल्याला लोकांची वाहवा लागते, दुसऱ्याला कुणाचीच गरज वाटत नाही, देवाचीही नाही. कॅसियन म्हणतो की ही प्रतिष्ठेची हौस कांद्यासारखी आहे, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. भारी कपडे सोडले तर साधेपणाचा मोठेपणा, बोलणं सोडलं तर मौनाचा मोठेपणा. उपाय बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, दान असं करायचं की उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. म्हणजे आठवड्यात एक चांगलं काम असं करा जे कुणालाही कळणार नाही, फोटो नाही, स्टेटस नाही, घरीही सांगायचं नाही. वाटतं त्यापेक्षा जड जातं. गर्वाच्या समोरची नम्रता म्हणजे मात्र स्वतःला कमी लेखणं नव्हे, आपण जेवढे आहोत तेवढंच मानणं. "मी काय, मी अगदीच क्षुल्लक" असं दहा वेळा म्हणणारा माणूस स्वतःबद्दलच बोलत असतो की.

पायरी ४: सद्गुण म्हणजे दुर्गुणाचं दुसरं टोक नाही

टेबल पाठ केल्याने होणारं सगळ्यात मोठं नुकसान हे. कंजूषपणाचं दुसरं टोक उदारता नाही, उधळपट्टी आहे. उदारता मध्ये कुठेतरी आहे. इटालियन कवी दान्ते यांनी चौदाव्या शतकात शुद्धिस्थानाचा (मेल्यावर स्वर्गात जाण्याआधी आत्मे शुद्ध होतात ती जागा) डोंगर रंगवला त्यात सात दुर्गुणांचे सात टप्पे आहेत, आणि लोभाच्या टप्प्यावर कंजूष आणि उधळे एकत्रच पालथे पडलेले दाखवलेत. तसंच मिताहाराच्या नावाखाली शरीराची आबाळ करणं हा सद्गुण नाही.

दान्तेच्या त्याच डोंगरावर प्रत्येक शिक्षा म्हणजे उलट सवय लावणं आहे, गर्विष्ठ लोक मोठे दगड पाठीवर घेऊन वाकून चालतात, आळशी लोक सतत धावत असतात, मत्सरी लोकांचे डोळे तारेने शिवलेले असतात कारण ते नको तिथे बघायचे. आणि प्रत्येक टप्प्यावर समोरच्या सद्गुणाचं पहिलं उदाहरण येशूच्या आईच्या, मारियेच्या आयुष्यातलं असतं. जोड्या लक्षात ठेवायच्याच असतील तर टेबलपेक्षा हे चित्र बरं.

पायरी ५: तीन आणि चार यांची वेगळी यादी आहे, गोंधळू नका

सद्गुणांची अजून एक सातची यादी आहे, ती या जोड्यांची नाही. विश्वास, आशा आणि प्रीती हे तीन, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातले, आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार, जे मूळ ग्रीक विचारातून आले आणि चर्चने आपलेसे केले. दोन्हीकडे सात आहेत म्हणून लोक एकास एक लावायला जातात, ते जमत नाही. एवढं कळलं तरी सध्या पुरे.

पायरी ६: एकच दुर्गुण निवडा आणि हिशेब ठेवा

सगळे सात एकदम हातात घेतले की काहीच होत नाही. जेजुइट संघाचे संस्थापक, लोयोलाच्या संत इग्नेशियसची सोळाव्या शतकातली पद्धत साधी आहे आणि कागद-पेन्सिलीवर होते. सकाळी उठल्यावर ठरवायचं की आज अमुक एका दोषाकडे लक्ष. दिवसात जेव्हा जेव्हा तो घडेल तेव्हा हात छातीला लावायचा, चारचौघांत असलात तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी जेवणानंतर तासातासाने आठवून एका रेघेवर तितके ठिपके द्यायचे, रात्री जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर. मग दुपारची रेघ आणि रात्रीची रेघ शेजारी ठेवून बघायचं, काल आणि आज बघायचं, हा आठवडा आणि मागचा आठवडा बघायचा.

दोष निवडताना "मला राग येतो" एवढं मोघम ठरवू नका, "घरच्यांचं बोलणं मध्येच तोडून ओरडतो" असं मोजता येईल असं ठरवा. आणि प्रत्येकाला जोडून उलट बाजूची एक बारीक कृती ठरवा, इथे म्हणजे समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं. नुसतं "करणार नाही" म्हणून सवय जात नाही, तिच्या जागी काहीतरी बसवावं लागतं. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आधी दिसत नव्हतं ते आता दिसतंय.

पायरी ७: कुठे बिघडतं

एक तर यादी दुसऱ्यावर वापरणं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. नवरा आळशी, सासू मत्सरी, बॉस गर्विष्ठ अशी लेबलं लावायला हे सात शब्द फार सोयीचे पडतात, आणि नेमकं तेच करायचं नसतं.

दुसरं उलट टोक, सतत स्वतःला तपासत राहणं. प्रत्येक विचार पाप वाटायला लागतो, एकदा कबूल केलेलं पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं. हे इग्नेशियसच्याच बाबतीत घडलं होतं, १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा गावी असताना, इतकं की जीव द्यावासा वाटायला लागला होता. पुढे त्याने हे शंकेखोरपण ओळखायचे नियमच लिहून ठेवले. तुमचं तसं व्हायला लागलं तर ठिपके ताबडतोब बंद करा आणि फादर किंवा पास्टर किंवा कुणी शहाण्या माणसाशी बोला, गरज पडली तर डॉक्टरशी.

ज्यांना रेघा आणि ठिपके जमत नाहीत त्यांच्यासाठी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची वाट आहे. संत एफ्राईमच्या नावाने ओळखली जाणारी एक छोटी प्रार्थना ते ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात म्हणतात, तिच्यात आधी आळस, खिन्नता, सत्तेची हाव आणि वायफळ बडबड काढून घे असं मागणं आहे आणि मग शुद्धता, नम्रता, सहनशीलता आणि प्रीती दे असं, आणि शेवटचं मागणं की मला माझ्या चुका दिसू देत आणि भावाला दोष देणं टळू दे. प्रत्येक मागण्यानंतर जमिनीला डोकं टेकवतात. सोमवार ते शुक्रवार म्हणायची असते, शनिवार-रविवार सुट्टी.